आमची वाटचाल : अडखळत्या बोलण्याचं कोडिंग

२०१४ साली नाशिकमध्ये मेडिकल कोडिंगचं, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड लावायचं काम सुरू केलं, तेव्हा अमेरिकेतून येईल तो चार्ट, म्हणजे पेशंटची नोंद, घ्यायचो. फिजिओथेरपी, डोळे, हाडं, काहीही. पण मोठ्या कंपन्यांच्या दरापुढे आमचा टिकाव लागेना.

त्याच वर्षी जानेवारीत तिकडे वाचेच्या तपासणीचा ९२५०६ हा सरसकट कोड बंद होऊन चार वेगळे कोड आले. त्यातला ९२५२१ खास तोतरेपणासारख्या तक्रारींच्या तपासणीसाठी. छोट्या स्पीच थेरपी क्लिनिकांची त्रेधा उडाली. माझी मावसबहीण स्पीच थेरपी शिकलेली. ती भागीदार झाली आणि आम्ही बाकीचं काम हळूहळू सोडून दिलं. पुढच्याच वर्षी १ ऑक्टोबरला आयसीडी-१० ही आजारांच्या कोडांची नवी यादी तिकडे लागू झाली, तेव्हा तर कामाला तोटा उरला नाही.

थेरपिस्टच्या नोटमध्ये ‘पेशंट अडखळतो’ एवढंच असेल तर कोड लागत नाही. लहानपणापासून असेल तर एफ८०.८१, मोठेपणी सुरू झालं असेल तर एफ९८.५. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून झटका आल्यानंतरचं असेल तर आय६९.३२३. पार्किन्सनसारख्या आजारामुळे असेल तर आर४७.८२, पण आधी मूळ आजाराचा कोड. आमच्याकडे कोडिंगला लागलेली नवी मुलं हमखास घसरतात ती चौतीस वर्षांच्या पेशंटवर. वय बघून एफ९८.५ टाकून मोकळी होतात. कोड ठरतो तो सुरुवात कधी झाली यावर. चौथ्या वर्षापासून अडखळत असेल तर एफ८०.८१च. नोटमध्ये ते नसेल तर थेरपिस्टला क्वेरी जाते, तीही ‘सुरुवात केव्हा झाली?’ अशी. ‘लहानपणीच ना?’ असं विचारलं की उत्तर आपणच तोंडात घातल्यासारखं होतं. फिजिओथेरपीचं कोडिंग करून आलेल्यांना मिनिटं मोजायची सवय असते; त्यांना आधी सांगावं लागतं की ९२५०७ला, म्हणजे स्पीच थेरपीच्या सेशनच्या कोडला, मिनिटांचा हिशोब नाही, सेशन कितीही चाललं तरी एकच युनिट.

अमेरिकेतल्या बऱ्याच विमा योजना लहानपणापासूनच्या तोतरेपणाचे पैसे देत नाहीत, आजारामुळे आलेल्याचे देतात. एका क्लायंटने सहा वर्षांच्या मुलाला आर४७.८२ लावायला सांगितलं. आम्ही नाही म्हटलं, क्लायंट गेला. दोन-तीन महिने पगाराची ओढाताण झाली. त्याचं मला आजही काही वाटत नाही. मूळ आजारच नसताना तो कोड लावणं म्हणजे सरळ खोटा क्लेम.

त्यापेक्षा विमावाल्याने पैसे नाकारले की अपील नीट करावं. ‘तीव्रता मध्यम’ एवढ्यावर विमावाला हलत नाही. किती टक्के अक्षरांवर अडखळला, उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, फोन आला की आईकडे देतो, हे थेरपिस्टने लिहिलेलं असलं की आम्हाला भांडता येतं. सगळी अपिलं जिंकतो असं नाही.

आजारांचे नवे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात, म्हणून सप्टेंबरात आमच्याकडे रजा बंद. त्या महिन्यात गणपती आले तर दीड दिवस सोडतो. पाच दिवसांचे गणपती असलेले दोघं त्यावरून दरवर्षी भांडतात.