फ्लॅट बघायला आलेले दोघं आणि काकूंचं कालनिर्णय

रिसेलचा फ्लॅट दाखवायचा म्हणजे चावी घ्यायची, लाईट लावायचे, हा हॉल हे किचन करायचं आणि खाली उतरून रेट बोलायचा, असं लोकांना वाटतं. रिकामा फ्लॅट असेल तर खरंच तेवढंच असतं. पण माणसं राहत असलेलं घर दाखवताना तुम्ही एका अनोळखी माणसाला कुणाच्या तरी बेडरूमपर्यंत घेऊन जात असता, आणि घरमालक वर त्यालाच विचारत असतो, चहा घेणार का. मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर साइडला ब्रोकरचं काम करतो. २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाने, आम्हा एजंट लोकांना ट्रेनिंग आणि परीक्षा कंपल्सरी केली, मीही दिली, कार्पेट एरिया वगैरे सगळं पाठ आहे, पण दुसऱ्याच्या घरात पार्टी फिरवताना आपण नेमकं कुठे उभं राहायचं हे काही त्यात नव्हतं.

तर हे काकूंचं घर. जुनी सोसायटी, दुसरा मजला, टू बीएचके. काका गेल्यापासून एकट्या, मुलगी बेंगलोरला, फ्लॅट विकून तिकडेच जायचं ठरलेलं. काकू एकदम व्यवस्थित. सोनं आधीच बँकेच्या लॉकरला, कपाटाला कुलूप, देवघरातली चांदीची अन्नपूर्णा आणि निरांजनंसुद्धा उचलून आत ठेवलेली, म्हटल्या तुझी माणसं येणार तर मी पितळेचीच मांडलीत. मी म्हटलं काकू निम्मं काम तुम्हीच केलंत.

रविवारी व्हिजिटा होत्या. त्यातली एक दुसऱ्या ब्रोकरकडून, ब्रोकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इन्व्हेंटरी, म्हणजे विकायच्या फ्लॅटची माहिती, टाकली होती त्यावरून. तो स्वतः येणार नव्हता, म्हणाला पार्टी चांगली आहे, तू दाखव, ब्रोकरेज साइड बाय साइड, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून घ्यायचं. दोन पोरं आली, तिशीच्या आतबाहेरची, कपडे वगैरे नीट, एक म्हणाला वडिलांसाठी बघतोय.

आता कोथरूडमध्ये जुन्या सोसायटीतला फ्लॅट बघायला आलेला खरा माणूस काय विचारतो ते मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय, कन्व्हेयन्स झालाय का म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, पार्किंग अलॉट आहे का, टँकर लागतो का, मेंटेनन्स किती. आणि हे सगळं विचारून झालं की मग भिंतीवर ओल कुठे आहे ते बोट लावून बघतो. या दोघांनी यातलं काहीच विचारलं नाही. एकाने विचारलं, समोरचा फ्लॅट बंद दिसतोय, कोण राहत नाही का? आणि काकू तुम्ही एकट्याच का? वॉचमन रात्री असतो का हे बाकीचे पण विचारतात, त्यात काही नाही, पण रिडेव्हलपमेंट न विचारता थेट वॉचमन म्हणजे मला जरा खटकलंच.

मग एक जण मला बाथरूममध्ये बोलवायला लागला, दादा जरा नळ सोडून दाखवा ना, प्रेशर बघू. दुसरा किचनमध्येच थांबलेला. हा प्रकार आमच्या लाइनीतल्या कुणालाही माहीत आहे, एक जण तुम्हाला बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा मोकळा फिरतो. मी म्हटलं तुमच्या मित्राला पण येऊ दे, दोघांना एकदमच दाखवतो, आणि किचनकडे वळलो तर तो मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय. मम्मीला ओटा दाखवायचाय म्हणे. पण ओटा डावीकडे आणि मोबाईल फ्रिजच्या बाजूच्या भिंतीकडे, तिथे काय तर कालनिर्णय. आता आपल्याकडे कालनिर्णय म्हणजे निम्म्या घराची डायरीच असते, सिलिंडर कधी लावला, दूध किती, कामवालीचे खाडे. काकूंनी लाल पेनाने पुढच्या आठवड्यातल्या तारखांना चौकट केलेली आणि आत लिहिलेलं, बेंगलोर, दूध बंद. म्हणजे घर किती दिवस रिकामं असणार ते तारखेसकट भिंतीवर टांगलेलं. मी मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं व्हिडिओ मीच पाठवतो, मालकांची परवानगी लागते. हसला, खिशात टाकला.

निघताना काकू पाणी घेऊन आल्या, तेवढ्यात एक जण दारात बूट घालत बसला. बराच वेळ. लेस नसलेल्या बुटाला एवढा वेळ का लागतो कुणास ठाऊक. ते गेल्यावर मी नेहमीसारखी एक फेरी मारली. ड्राय बाल्कनीच्या दाराची कडी, गॅलरीचा स्लायडिंग, बाथरूमची काच, सगळं ठीक होतं. मग मोबाईलवर सकाळचा व्हिडिओ उघडून बघितला. मी व्हिजिटच्या आधी घरमालकासमोर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवतो, उद्या कुणी म्हणालं टेबलावरचं घड्याळ गेलं तर भांडण नको, माझ्याच सोयीसाठी आहे ते. शू रॅकच्या वर काकूंचा गणपतीचं चित्र असलेला लाकडी की-होल्डर. व्हिडिओत सगळ्या हुकांना चाव्या आणि एकीला लाल नाडी. समोर बघतो तर एक हुक रिकामा, लाल नाडीवाली नाही. काकू म्हणाल्या ती लॅचची जादा चावी, शेजारच्या वहिनींकडे असेल. वहिनींकडची वहिनींकडेच होती, वेगळी. मग काकू एकदम गप्प बसल्या आणि मला म्हणाल्या, अरे मी तर सगळं कुलपात ठेवलं होतं.

रविवारची संध्याकाळ, हार्डवेअरची दुकानं बंद, ओळखीच्या एका चावीवाल्याला फोन करून अक्षरशः गळ घातली तेव्हा तो आला. त्याने लॅचचा आतला सिलिंडर बदलला, १,८०० रुपये घेतले आणि वर म्हणाला साहेब चावी न्यायची पण गरज नसते, नीट फोटो असला तरी हात बसलेला माणूस बनवून देतो. हे ऐकून काकूंनी की-होल्डरच उचलून आत नेला.

त्या ब्रोकरला फोन केला तर म्हणे मला पण नंबर ग्रुपवरनंच आला, मी कुठे ओळखतो. नंबर बंद. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव नुसतं पाटील, आणि मोबाईल नंबर मोजला तर आकडे नऊ. वॉचमनने बघितलंच नव्हतं. पोलीस चौकीत जाऊन अर्ज दिला, त्यांनी घेतला, एक जण येऊन कॅमेरा पण बघून गेला, पण सोसायटीचा कॅमेरा पार्किंगकडे तोंड करून, त्यात पोरांचे पाय तेवढे दिसतात. पुढे काही झालं नाही, चोरीही झाली नाही. ती चावी त्यांनीच नेली हे मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण त्या दिवशी तिथे बूट घालत बसलेला दुसरा कोणी नव्हता.

आता माझ्याकडे यायचं तर पार्टीने आधी मला मिस्ड कॉल द्यायचा आणि गेटवर मी समोर उभं राहून त्याच नंबरवर रिंग देतो, ओळखपत्र बघतो. काहींना राग येतो. येऊ दे, ज्याला ऐंशी-नव्वद लाखांचा फ्लॅट घ्यायचाय तो आधार कार्ड दाखवायला लाजत नाही. घरात सगळे एकत्रच फिरणार आणि मी सगळ्यात मागे. चाव्या, कॅलेंडर, लाईट बिल, औषधांच्या फायली सगळं आत. कागदपत्रांची झेरॉक्स दाखवायची, ओरिजिनल अॅग्रीमेंट आणि शेअर सर्टिफिकेट पहिल्या व्हिजिटला टेबलावर पसरायचं नाही, काही लोक तर कौतुकाने अख्खी फाईल हातात देतात. आणि पोर्टलवर टाकायच्या फोटोत दाराच्या आतली बाजू आणि तिजोरीचं कपाट येता कामा नये, हे मी घरमालकांच्या मुलांना सांगून सांगून थकलोय.

काकू बेंगलोरला जाऊन आल्या, फ्लॅट नंतर एका बँकेतल्या जोडप्याने घेतला, त्यांनी तीन वेळा येऊन ओल बघितली. माझा चेक देताना काकूंनी त्यात १,८०० रुपये कमी लिहिले. मी बघितलं तर म्हणाल्या, ती पोरं तूच आणली होतीस ना.