तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज राखून लिनक्स

"दिवाणजी, विंडोज आहे तसं ठेवून त्याच लॅपटॉपवर लिनक्स बसतं का? आणि माझं आहे ते जाणार नाही ना?"

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीचे हिशेब बघतो. हळद आणि बेदाणा हा आमचा माल. संगणकाचं रीतसर शिक्षण माझं नाही. पण २०२० पासून माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण फुकट मिळणारी सिस्टीम) दोन्ही आहेत, आणि हे यार्डात सगळ्यांना ठाऊक झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले, तेव्हापासून तर हा प्रश्न सौद्याच्या गडबडीतही येतो आणि लग्नाच्या पंगतीतही. उभ्याउभ्या उत्तर दिलं की अर्धंच देता येतं, म्हणून आज नीट लिहितोय.

बसतं. आणि आपण घाई केली नाही तर काही जात नाही.

दोन्ही ठेवायचं कारण आधी सांगतो. पेढीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनलेलं आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायला वाइन नावाची सोय आहे, पण शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, ज्यावर निघते ते काम मी प्रयोगावर सोडणार नाही. दुसरीकडे माझा लॅपटॉप सेकंडहँड, इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणजे हे मशीन त्या यादीबाहेर. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट नसलेल्या विंडोजवरून बँकेचं काम करणं मला पटत नाही. म्हणून मी काम वाटून टाकलंय: हिशेब विंडोजवर, तेही नेट बंद ठेवून, आणि बँक, मेल, मराठी टायपिंग सगळं लिनक्सवर. चालू मशीन फेकून नवीन घ्यायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

विंडोजच्या आत खिडकी उघडून त्यात लिनक्स चालवता येतं, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पण तेव्हा एकच रॅम दोघांना पुरवावी लागते. माझ्याकडे तेव्हा ४ जीबी होती. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एका मशीनवर दोन सिस्टीम शेजारी बसवल्या की, एका वेळी एकच सिस्टीम जागी असते आणि सगळी रॅम तिची.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो विचारताना प्रत्येकाचा आवाज जरा खाली येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर नदीजवळच्या गावभागात. आम्ही धान्य, अंथरुणं, आईची औषधं, कागदपत्रांची ट्रंक वर नेली. संगणक खालच्या खोलीत टेबलावर राहिला, कारण पाणी टेबलापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. बॅकअप घेतलेला होता. ती हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. वडिलांचे शेवटच्या वर्षांतले फोटो दोन्ही ठिकाणी होते आणि दोन्ही ठिकाणचे एकदमच गेले. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर आत नुसता गाळ.

तेव्हापासून माझ्या बॅकअपची हार्डडिस्क विट्याला बहिणीच्या घरी असते. म्हणून मशीन घेऊन येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो, "तुमचं जे आहे ते आणखी कुठं आहे?" "डी ड्राइव्हला ठेवलंय" हे उत्तर चालत नाही. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कच्या दोन वाटण्या असतात.

वाटणी हा शब्द मुद्दाम वापरला. पार्टिशन म्हणजे तेच. डिस्कच्या सुरुवातीला एक नोंद असते, कुठून कुठपर्यंत कुणाचं. नोंदीची जुनी पद्धत एमबीआर, तिच्यात मुख्य वाटण्या चारच. नवी जीपीटी, तिच्यात विंडोज १२८ पर्यंत मानतं. आपण लिनक्ससाठी जागा करतो तेव्हा हा बांध सरकवत असतो. माझा अनुभव असा की विंडोजचा बांध विंडोजलाच सरकवू द्यावा. तिथं डिस्क मॅनेजमेंट आहे, सी वर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम. लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही ते जमतं, पण आपल्या फायली कुठं पडल्यात हे विंडोजला जास्त ठाऊक.

इथंच पहिली अडचण येते. माझी डिस्क २५६ जीबीची आणि रिकामी जागा शंभराच्या वर, तरी विंडोज फक्त ९ जीबी सोडायला तयार होतं. कारण काही फायली हलवता येत नाहीत: हायबरनेशनची (मशीन झोपताना स्थिती लिहून ठेवायची) फाईल, पेजफाईल (रॅम अपुरी पडली की वापरायची), सिस्टीम रिस्टोअरच्या (मागच्या स्थितीला परत जायच्या) नोंदी. शेताच्या मध्यावर विहीर असावी आणि वाटणी तिच्यापुढं सरकू नये, तसं. हायबरनेशन बंद केलं, पेजफाईल आणि रिस्टोअर तात्पुरते बंद केले, मशीन पुन्हा चालू केलं आणि ७० जीबी सहज सुटले. उबुंटूसारख्या लिनक्सला २५ जीबीतही बसता येतं, पण पुढं हात आखडतो. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवायची, तिथं विंडोजमधून नवा ड्राइव्ह बनवायचा नाही.

हायबरनेशन बंद केल्यानं आणखी एक काम होतं, ते म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद होतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आपली स्थिती डिस्कवर लिहून झोपतं. दुकानाचं शटर ओढलंय पण आत वही उघडीच आहे, असा प्रकार. त्या अवस्थेत लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर तो नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, आणि ही अडवणूक योग्यच आहे. अर्धवट वहीत दुसऱ्यानं ओळी घातल्या तर हिशेब कुणाचाच जुळणार नाही.

आमच्या गल्लीत एक शिक्षक आहेत. त्यांचा लॅपटॉप नवा होता. मी येईपर्यंत त्यांनी कुठंतरी ऐकून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय, बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. हल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला पत्ताही नसतो. दहावीच्या मुलांचे गुण त्या कुलपात होते. की त्यांच्या खात्यात जमा होती, पण ते खातं लॅपटॉप विकणाऱ्यानं उघडून दिलेलं आणि पासवर्ड सरांनी कुठंच लिहिलेला नव्हता. तो मिळेपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत सरांचं जेवणात लक्ष नव्हतं, हे मी पाहिलंय. म्हणून बायोसला हात लावण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (हेच ते डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघा, आणि असेल तर ती की कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूट बंद करायची बहुधा गरजही नसते. उबुंटू, फेडोरा, मिंट हे लिनक्सचे प्रकार ते चालू असतानाच सुरू होतात.

लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह बनवणं सोपं आहे, रूफस किंवा व्हेंटॉय हा प्रोग्रॅम वापरा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेवढं ध्यानात ठेवा. आधी लिनक्स न बसवता त्यावरूनच चालवून बघा, वायफाय, आवाज, प्रिंटर. माझा प्रिंटर लगेच ओळखला गेला, तेव्हाच पुढं जायचं ठरवलं. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर अनेक इंटेल लॅपटॉपवर डिस्क आरएसटी मोडमध्ये (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धतीत) असते. तो मोड थेट बदलू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजची तयारी करावी लागते, ते समोर बसून करू.

मग तो पडदा येतो जिथं हात थांबवायचा. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे शेजारी बसवा. 'इरेझ डिस्क' म्हणजे सगळं पुसून बसवा. दोन्ही ओळी एकाखाली एक असतात. मी इथं मोठ्यानं वाचतो आणि मालकालाही वाचायला लावतो. चार्जर लावलेला असतो, कारण पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही आणि बांध सरकत असताना मशीन बंद पडून चालणार नाही.

"आधी विंडोज, मग लिनक्स" हा क्रम तुम्ही ऐकला असेल. तो जुन्या बायोसच्या काळातला. तेव्हा मशीन डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचून उठायचं, तिथं एकाचीच पाटी मावायची आणि नंतर येणारा आधीच्याची पुसायचा. आताच्या यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनवर एक लहान वेगळी वाटणी असते, तिच्यात दोघांचे वेगवेगळे फोल्डर राहतात. तरी क्रम तोच पाळलेला बरा, कारण लिनक्सचा ग्रब, म्हणजे सुरुवातीला कोणती सिस्टीम हवी ते विचारणारा प्रोग्रॅम, शेजारी विंडोज आहे का शोधून यादीत घेतो, विंडोज लिनक्सला शोधत नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी लिनक्सची यादी दिसेनाशी झाली तर घाबरू नका. बहुतेक वेळा बायोसमधला क्रम तेवढा बदललेला असतो.

आणि घड्याळ. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी दोनला काढलेल्या पट्टीवर साडेआठची वेळ छापून आली. जतचे एक बेदाणा उत्पादक पट्टी हातात धरून म्हणाले, "दिवाणजी, साडेआठला माझा टेम्पो कवठेमहांकाळातच होता." त्यांना वाटलं मालाचा सौदा त्यांच्यामागं उरकला. मशीनमधल्या घड्याळाची वेळ विंडोज स्थानिक धरतं आणि लिनक्स जागतिक, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. लिनक्समध्ये एक आज्ञा देऊन तेही घड्याळ स्थानिक धरायला लावता येतं. ते मी आता पहिल्याच दिवशी करून देतो. पट्टीवरचा आकडा आणि वेळ यावर माणूस विश्वास ठेवतो, तो एकदा हलला की परत बसवायला फार दिवस लागतात.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कची जागा असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे. एक छोटी एसएसडी घ्या आणि लिनक्स तिच्यावर ठेवा. मग वाटणीचा प्रश्नच उरत नाही.

पुढं लिनक्स नको वाटलं तर काढता येतं. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी बायोसमध्ये विंडोजला पहिला नंबर द्या, विंडोज सरळ उठतंय ना बघा, आणि मगच लिनक्सची वाटणी पुसा.

रविवारी सकाळी दहानंतर मी घरी असतो. येताना चार्जर आणा, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणा, आणि बॅकअप घेतलेली हार्डडिस्क आणा. ती मी स्वतः उघडून दोन-चार फोटो बघतो, मगच सुरुवात करतो. हार्डडिस्क नसेल तरी या, चहा घेऊ. काम पुढच्या रविवारी.