स्टीलच्या रिमला रंग द्यायचाय? मग आधी टायर उतरवा

मारुती जिम्नीच्या झेटा मॉडेलची किंवा जुन्या थारची स्टीलची रिम रंगवायला अगदी सोयीची. पण मुंबईत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो, त्यामुळे रंगाच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी गंज तिथून आत शिरतो. टायरवर मास्किंग टेप लावून मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात सोलून निघतो, कारण टायर आणि रिमच्या सांध्यात रंग पोचलेलाच नसतो. म्हणून टायरवाल्याकडून पाचही टायर उतरवून घ्या, स्टेपनीसकट. जुने व्हॉल्व्ह काढून टाका, बसवताना नवे घाला.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर दुधासारखी पांढरी झाक येते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे गन हातात घेऊच नका.

आधी साबणाने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा: एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन इथे सगळ्यात जास्त त्रास देतं. त्याचा अंश राहिला की ताजा रंग बाजूला सरकतो आणि मधोमध मोहरीएवढे गोल खड्डे पडतात. हे पुसणं पॉलिश पेपर मारण्याआधी व्हायला हवं. नाहीतर तेच सिलिकॉन पेपरने ओरखड्यांत घासून बसतं.

गंजाला ग्राइंडरवर वायर कप (तारांचा गोल ब्रश), मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १८० आणि शेवटी ३२०. उघड्या पत्र्यावर पाणी लावून घासू नका, इथल्या हवेत तासाभरात तांबूस छटा येते. खड्ड्यांतला गंज निघत नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, चालतं. मात्र त्याचा उरलेला थर डब्यावर लिहिल्याप्रमाणे काढून रिम पूर्ण कोरडी करा. ॲसिड राहिलं तर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. प्रायमर त्याच दिवशी मारा.

आता सुरक्षेचा भाग, यात तडजोड नको. रिमची पाठ जिथे हबला टेकते तो भाग आणि नटांच्या शंकूसारख्या बैठका, दोन्ही झाकून घ्या. बैठकांत जुने नट उलटे ठेवले तरी भागतं. तिथे रंगाचा जाड थर गेला तर नट आवळल्यावर तो दाबाखाली हळूहळू चेपतो, आवळ सैल होते आणि चाक हलायला लागतं. टायरचं बीड (रिमला घट्ट बसणारी आतली कड) बसतं त्या जागी प्रायमर आणि रंगाचा एकच पातळ हात पुरे. जाड थर तिथे सोलला की हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चर काही सापडत नाही.

रंग टू-के पीयू घ्या, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. साधा स्प्रे कॅन स्वस्त पडतो, पण तो दगडाच्या पहिल्याच घासेला उडतो आणि पेट्रोल सांडलं की विरघळतो. पाच रिमना दोन्ही बाजूंनी साधारण एक लिटर तयार मिश्रण धरा. रंग आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं ते मोजपात्रानेच घ्या, अंदाजाने नाही. पहिला हात हलका, मग दहा-पंधरा मिनिटं थांबून दोन भरलेले हात. पिवळा आणि लाल झाकत नाहीत, त्यांच्याखाली पांढरा किंवा फिकट राखाडी बेस लागतो. पांढऱ्या रिमवर ब्रेकची काळपट धूळ आठवड्यात दिसते. मला ऑफ-रोडसाठी सॅटिन ब्राँझ आवडतो: चिखल लपतो आणि टच-अप कळत नाही, ग्लॉसवर तो डाग दिसतोच.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्कच सगळ्यात सुरक्षित, निदान कणांच्या फिल्टरसकट ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ अडवणारा) मास्क तरी हवाच आणि हवा खेळती हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. उडालेली धूळ शेजारच्या गाड्यांच्या काचांवर चिकटते.

पावडर कोटिंग जास्त कडक होतं, १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजतात. पण दगडाने एकदा चीर पडली की गंज कोटिंगच्या खाली पसरतो आणि घरी डागडुजी करता येत नाही. घाटात टायर १८-२० पीएसआयवर उतरवून दगडांतून नेणार असाल तर पीयूच बरा.

टायर ४८ तासांनी बसवा, बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आठवडाभराने. क्लिपची वजनं रिमच्या ओठाला ओरखडतात आणि गंजाची पहिली रेघ नेमकी त्या क्लिपखाली उमटते, म्हणून क्लिप बसवण्याआधी ओठावर जास्तीचा एक हात द्या. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायच्या नेमक्या जोरावर) आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

हार्डनर न घातलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला तर टच-अपला येतो. हार्डनरचा डबा मात्र एकदा उघडला की इथल्या हवेतला ओलावा शोषून जेलीसारखा होतो, तो दर वेळी नवाच आणा, छोट्यात छोटा.