फुकटात शनी, सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवर

"काय विकताय?" फूटपाथवर दुर्बीण लावून उभं राहिलं की लोक आधी हेच विचारतात. काही विकत नाही म्हटलं की संशय अजून वाढतो, मग कुठल्या चर्चचे तुम्ही, सह्या गोळा करताय का, ईमेल द्यावा लागेल का वगैरे. या शहरात रस्त्यावर कोणी अनोळखी माणूस हसून हाक मारतो म्हणजे त्याला काहीतरी हवंच असणार हे इथल्या लोकांना पाठ झालंय, त्यामुळे मी मनावर घेत नाही. आमच्या हौशी खगोल क्लबात एक आजोबा आहेत, ते कसलंही स्पष्टीकरण देत बसत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला सरळ विचारतात, "शनी बघणार?" आणि बाजूला सरकून आयपीसकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे, हात करतात. बहुतेक लोक थांबतात. न थांबणारे पण पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन परत येतात, हे मी बरेचदा बघितलंय.

आपल्याकडे आकाशदर्शन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर शनिवारची कर्जत लोकल, वांगणीला उतरायचं, सतरंजी, स्वेटर, रात्रभर जागरण आणि पहाटेचा चहा. कॉलेजात असताना मी हे केलंय आणि त्याला तोड नाही हे अजूनही म्हणेन. पण तिथे जो येतो त्याला आधीपासूनच आकाशाची गोडी असते ना. इथे इनर सनसेट या आमच्या वस्तीतल्या कोपऱ्यावर जो समोर येतो तो हातात किराणा घेऊन घरी चाललेला असतो, कुत्रा फिरवत असतो, किंवा गर्लफ्रेंडशी भांडत असतो, त्याला आकाशाशी काडीचं देणंघेणं नसतं, आणि नेमकं म्हणूनच मला हा प्रकार त्या अंधाऱ्या माळरानापेक्षा जास्त आवडायला लागलाय.

घरच्यांचा ठरलेला प्रश्न, अगं पण शहरात एवढे दिवे, दिसतं काय? तर चंद्र आणि ग्रह एवढे तेजस्वी असतात की डोक्यावर रस्त्याचा दिवा असला तरी काही बिघडत नाही. गुरूचे चार चंद्र, जे गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत बघितले, ते एका रांगेत स्वच्छ दिसतात आणि दोनतीन तासांनी परत बघितलं तर त्यातला एखादा सरकलेला पण कळतो. मृगातला तेजोमेघ मात्र करड्या धुरासारखा दिसतो, फोटोतले गुलाबी रंग शोधणाऱ्यांचा थोडा हिरमोड होतो, तो होऊ द्यावा, खोटं सांगू नये. आमची खरी अडचण म्हणजे एन जुडा ट्राम. ती बाजूने गेली की अख्खा फूटपाथ हलतो, आयपीसमधला गुरू थरथरायला लागतो आणि रांगेतले लोक हसतात.

या सगळ्या प्रकाराची सुरुवात याच शहरात झाली आणि ती गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायलाच हवी, कारण त्यात एक संन्यासी आहे. जॉन डॉब्सन. जन्म १९१५ चा, बीजिंगमधला. बर्कलीला रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात दाखल झाला, हो, आपल्या रामकृष्ण-विवेकानंद परंपरेतलाच मठ. तिथे त्याला दुर्बिणीचं वेड लागलं. पैसे नाहीत, मग जहाजाच्या गोल खिडक्यांची जुनी जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे तुकडे. पुढे सॅक्रामेंटोच्या मठात असताना तर हे सगळं चोरूनच चालायचं. रात्री हळूच बाहेर पडून आसपासच्या लोकांना आकाश दाखवायचं, आणि मित्रांना पत्र लिहिताना दुर्बीण हा शब्द टाळून 'जिरेनियम' लिहायचं, म्हणजे आरशाला चकाकी चढवून झाली की "जिरेनियमला फूल आलं". मला हे वाचून जाम हसू आलं होतं. शेवटी १९६७ मध्ये त्याला मठातून काढलं. आता दोन्ही बाजू समजतात मला, मठाची शिस्त असते, नियमाने ध्यानाला बसायच्या ऐवजी कोणी रोज रात्री गायब व्हायला लागलं तर कोण चालवून घेईल. पण त्याचं म्हणणं असं की हे विश्व एवढं समोर पसरलेलं असताना ते लोकांना दाखवणं हेच काम आहे, आणि याला वेदांत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

मठातून निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, शाळकरी पोरांना हाताशी धरून त्याने सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक अॅस्ट्रॉनॉमर्स सुरू केलं. जॅक्सन आणि ब्रॉडरिक रस्त्याच्या कोपऱ्यावर तो उभा राहायचा. नंतर मोठमोठ्या दुर्बिणी गाडीत घालून नॅशनल पार्कात जायला लागला, तिथला एक किस्सा सगळेच सांगतात की रेंजर म्हणाला आकाश काही पार्कचा भाग नाही, तर हा म्हणाला, नाही, पण पार्क आकाशाचा भाग आहे. २०१४ मध्ये गेला, ९८ वर्षांचा होऊन. त्याच्या पद्धतीच्या दुर्बिणी आज जगभर 'डॉब्सोनियन' नावाने विकल्या जातात पण त्याने पेटंट घेतलं नाही की त्यावर पैसे कमावले नाहीत.

आमच्याकडे पण डॉबच आहेत. मधली ८ इंची. खाली लाकडी खोका, त्यावर नळी, वर-खाली आणि गोल हाताने फिरवायची, मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे पाच मिनिटात मांडामांड होते. आठ इंची आरसा आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा साधारण ८०० पट जास्त प्रकाश गोळा करतो. मोटर नसल्यामुळे एक गंमत होते, दीडशे पट मोठं करून बघत असलो तर मिनिट-दीड मिनिटात ग्रह आयपीसच्या एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जातो. लोकांना वाटतं आपला धक्का लागला, सॉरी सॉरी म्हणतात. मग सांगायचं की धक्का नाही, तुम्ही उभे आहात ती पृथ्वी फिरतेय, आणि हे ऐकल्यावर लोक डोळा काढून एकदा पायाखाली बघतात. शाळेत भूगोलात मार्कांसाठी पाठ केलेलं परिवलन असं समोर घडताना मी स्वतः पण इथेच बघितलं.

लहान मुलांसाठी शिडी लागते, आणि मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दोन्ही हातांनी आयपीस पकडतात, म्हणून "हात मागे!" हे आमचं रात्रभर चालू. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी एक छोटी भिंगाची दुर्बीण बुटक्या तिकाटण्यावर वेगळी ठेवतो.

२०२५ मध्ये शनीने मात्र आमची फजिती केली. त्याची कडी दर १५ वर्षांनी वगैरे आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात, तसं त्या मार्चमध्ये झालं, आणि वर्षअखेरीला पण ती इतकी बारीक होती की शनी म्हणजे बोराला आडवी सुई टोचल्यासारखा. एवढी रांग लावून माणूस विचारतो, कडी कुठायत? गॅलिलिओची पण १६१२ मध्ये हीच अवस्था झाली होती, आधी दिसलेलं काहीतरी अचानक गायबच, आणि त्याला तर ती कडी आहेत हेही माहीत नव्हतं. मुलाकडे आलेल्या एक मराठी काकू मात्र बघून खूश झाल्या, "अगं, हा एवढासा? याला घाबरतो होय आपण?" साडेसातीबद्दल मी काही बोलले नाही.

वसंतात सप्तर्षी वर चढले की मी हट्टाने वसिष्ठ-अरुंधती लावते. लग्नात गुरुजींनी बोट दाखवलं आणि आपण मंडपाच्या छताकडे बघून हो म्हटलं, ते जोडपं. दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, आणि अरुंधती धरून तिथे एकूण सहा तारे आहेत हे आता माहीत झालंय. इथल्या लोकांना ही लग्नातली प्रथा भयंकर आवडते.

उन्हाळा फुकट जातो. जून ते ऑगस्ट समुद्रावरून धुकं येतं आणि चार वाजताच सगळं पांढरं, सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडेपर्यंत जॅकेट घालून वाट बघायची. एकदा गणेश चतुर्थीला नेमकं मोकळं आकाश मिळालं, पश्चिमेला सुंदर कोर, आणि आईचा व्हिडिओ कॉल, "आज चंद्र बघायचा नाही, कळलं ना?" मी फोन खिशात ठेवला.

मेसेजमध्ये बरेच जण विचारतात की कुठली दुर्बीण घ्यावी. खोक्यावर '५२५ पट' लिहिलेली डुगडुगत्या स्टँडची घेऊ नका, तिच्यातून काही धड दिसत नाही आणि मुलांचा उत्साह आठवड्यात संपतो. सहा किंवा आठ इंची डॉब घ्या, किंवा पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे आधी चौकशी करा, १९४४ पासूनची संस्था आहे. गच्चीवर मात्र नेऊ नका, तिथे तुम्ही आणि तुमचे दोन मित्रच असाल. सोसायटीच्या गेटबाहेर लावा. कोजागिरी नको, पौर्णिमेला समोरून ऊन पडत असल्याने सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट दिसतो, कॅलेंडरमध्ये शुद्ध अष्टमी बघा, अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पहिला नंबर वॉचमनकाकांना द्या. त्यांनी एकदा बघितलं की पुढची सगळी रांग तेच सांभाळतात.