कुरडया आणि नववा ग्रह

कुरडया राखायला बसलं की माणसाला अंतराळाचे विचार सुचतात, असं माझं मत होत चाललं आहे. मे महिन्याची दुपार, पाण्याच्या टाकीची हातभर सावली, एका हातात काठी, दुसऱ्यात मोबाईल. कावळा काही आला नाही, बातमी आली. नववा ग्रह अजून सापडलेला नाही.

न सापडल्याचीही बातमी होते, हे मला फार आवडतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या बॅटिगिन आणि ब्राउन या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी गणित मांडलं. नेपच्यूनच्या फार पलीकडचे काही गोळे एकाच बाजूला ताणलेल्या कक्षांतून फिरतात, म्हणजे त्यांना ओढणारं कुणीतरी मोठं तिथे असणार. पृथ्वीच्या पाच-दहापट वजनाचं, एका फेरीला दहा-वीस हजार वर्षं लावणारं. हे ब्राउन म्हणजे ज्यांनी शोधलेल्या एरिस नावाच्या दूरच्या गोळ्यामुळे 2006 मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं, तेच. एक काढला, आता दुसरा देतो म्हणतात. काहींना हे पटत नाही. आपण आकाशाचे ठरावीक तुकडेच धुंडाळले म्हणून तसं भासतं, असं ते सांगतात. मी आपला ग्रहाच्या बाजूने. कारण काहीच नाही.

नाहीतरी आपल्या नऊ ग्रहांत दोन न दिसणारे आधीपासून आहेतच. राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते बिंदू. तिथे दगड नाही की माती नाही. पण आमच्या आतेबहिणीचं लग्न अडलं ते त्यांच्यापायी. गुरूसारख्या धडधडीत दिसणाऱ्या ग्रहाने कुणाला एवढा त्रास दिल्याचं ऐकलं नाही.

आणि केतकर! केतकी पंचांगवाले व्यंकटेश बापूजी केतकर, बागलकोटचे मास्तर. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत जो ताल आहे, तोच पुढे लावून त्यांनी 1911 मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह मांडले आणि नावंही ठेवून टाकली, ब्रह्मा आणि विष्णू. पाळण्यात मूल नाही, पण बारसं झालेलं. ब्रह्माची फेरी त्यांनी काढली 242 वर्षांची. 1930 मध्ये प्लूटो सापडला, त्याची निघाली 248. योगायोग म्हणा हवं तर. केतकरही त्याच वर्षी गेले.

आजोळी बार्शीला मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. वाफ निघून गेली की सतरंज्या, त्यावर गाद्या. मामा सप्तर्षी दाखवायचा, मग वसिष्ठाशेजारची अरुंधती. "दिसली?" या प्रश्नाला गच्चीभर एकच उत्तर असे, कारण अरुंधती दिसेनाशी झालेला माणूस सहा महिन्यांत जातो, हे आजीने आधीच सांगून ठेवलेलं. खुद्द आजीला मोतीबिंदू. शेजारच्या गच्चीचा कठडा तिला धड दिसत नसे, तिथे अरुंधती कुठली! ती नुसती विचारायची, "आहे ना रे जागेवर?" आम्ही "आहे" म्हणायचो आणि ती कुशीवर वळायची. पुढे ती पुष्कळ जगली, सगळ्यांना धाकात ठेवून जगली.

गच्चीवर पडलो की मी अजूनही तारे सोडून मधला काळोख बघतो. चित्रा, स्वाती, उशिरा डोकं काढणारा वृश्चिक ही सगळी ओळखीची मंडळी, त्यांना काय बघायचं? दोन ताऱ्यांमधली एखादी रिकामी जागा धरायची आणि तिथे टक लावायची. बायकोच्या मते याला झोप म्हणतात. आता वाचतो तर नववा ग्रह असलाच तर बहुधा वृषभ-मृगाच्या अंगाला. म्हणजे मे महिन्यात तो डोक्यावर येणार भर दुपारी, ऐन कुरडयांच्या वेळेला. रात्री डोळे ताणण्यात अर्थच नव्हता.

2003 मध्ये दिसलेली सेडना, नेपच्यूनपलीकडच्या त्या गोळ्यांतलीच एक, मात्र 2076 च्या सुमारास सूर्याच्या सगळ्यात जवळ येणार आहे. जवळ म्हणजे नेपच्यूनच्या अडीचपट लांब. तिथून वळली की पुन्हा अकरा हजार वर्षांनी. नातवाला सांगून ठेवलं, तेव्हा जागेवर आहे का बघ रे. तो म्हणाला, "आजोबा, ॲप असेल ना तेव्हा."