दुनळीचा काळा पडलेला दस्ता

बारा बोअरच्या जुन्या दुनळीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो, आणि सगळ्यांत काळा पडतो तो ॲक्शनला, म्हणजे चाप-घोड्याच्या लोखंडी यंत्रणेला, भिडलेल्या तोंडाशी. हा काळेपणा वयाचा नाही, तेलाचा आहे. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून कपाटात उभी असते. लोखंडाला चोपडलेलं तेल खाली ओघळतं आणि लाकूड ते पीत राहतं. अशा दस्त्यावर पॉलिश पेपर घेऊन तुटून पडलं की लाकूड झिजतं आणि डाग जागच्या जागी राहतो.

दस्ता उतरवणं आणि परत बसवणं परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. कायदा तर आहेच, शिवाय ॲक्शनच्या स्क्रूंच्या खाचा इतक्या बारीक असतात की घरातल्या स्क्रूड्रायव्हरने त्या हमखास फाटतात. घरी आणायचं ते फक्त लाकूड. मनगटाशी, म्हणजे मुठीत धरतो त्या बारीक भागात, चीर दिसली तर पॉलिशचा विचार सोडा आणि आधी ती दुरुस्तीवाल्यालाच दाखवा.

जुना थर कशाचा आहे ते कोपऱ्यात तपासा. स्पिरिटच्या बोळ्याने चिकट झाला तर चपडी, थिनरने विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पेंट रिमूव्हर लावून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मुठीवरच्या चौकडी नक्षीला पट्टी किंवा पेपर अजिबात लावू नका, तिथे रिमूव्हर आणि जुना टूथब्रश पुरे.

आता तेल बाहेर काढायचं. रंगाच्या दुकानातली व्हायटिंग पावडर, म्हणजे खडूची भुकटी, ॲसिटोनमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवा आणि काळ्या भागावर तीन-चार मिलिमीटर जाड थापा. ॲसिटोन उडताना तेल वर ओढतं आणि पांढरा लेप पिवळट-तपकिरी होतो. झटकून पुन्हा थापा. पाच-सहा वेळा तरी लागतं, लेप पांढराच राहिला की थांबा. हे काम उघड्यावर करा. ॲसिटोनची वाफ ठिणगीलाही पेट घेते.

पोचे आले असतील तर ओलं, पिळलेलं सुती कापड ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटलेला ओरखडा मात्र वर येत नाही.

पेपर १८०, मग २४०, मग ३२०, नेहमी रेषांच्या दिशेने. पेपरखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा घ्या, बोटांनी दाबलं तर खळगे पडतात. जिथे लाकूड लोखंडाला भिडतं त्या कडांपासून दूर राहा. तिथलं लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. ते एकदा घासलं गेलं की लोखंडाची कड उघडी पडते आणि त्याला इलाज नाही. ३२० नंतर ओला फडका फिरवा, सुकल्यावर उठलेली लव त्याच पेपरने हलकेच काढा.

लालसर झाक हवी असेल तर इंग्रजी बंदूककारांची जुनी रीत आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळते: रतनजोत. पाव लिटर जवसाच्या तेलात वीसेक ग्रॅम मुळं आठ-दहा दिवस भिजवून गाळून घ्या. रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही.

तेल ‘डबल बॉइल्ड’ घ्या. खायचं जवसाचं तेल सुकायला आठवडे लावतं. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं घालून, वीस मिनिटांनी कोरडा पुसून. दुसरा हात ४०० च्या पेपरने ओलाच घासा. त्या चिखलाने अक्रोडाची छिद्रं बुजतात. पुढे आठ-दहा हात, प्रत्येक वेळी चार थेंब, तळव्याने गरम होईपर्यंत चोळून. मध्ये किमान २४ तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस, कारण हे तेल उडत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. घाईने जाड थर दिला तर तो चिकट राहतो. मग टर्पेंटाइन आणि गोणपाट घेऊन सगळं काढत बसा.

दस्त्याच्या मागच्या, खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीखालचं आडवं कापलेलं लाकूडही तेलाने बंद करा, दमट हवा तिथूनच आत शिरते.

तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतात. बादलीभर पाण्यात बुडवा किंवा उन्हात एकेक पसरून कडक वाळवा, आणि मगच कचऱ्यात.