खोली रेकॉर्डिंगमध्ये शिरली कुठून?

घरी रेकॉर्डिंग करताना बेस गिटारची वायर इंटरफेसमध्ये (वाद्याचा सिग्नल कॉम्प्युटरला देणारा डबा), इंटरफेस कॉम्प्युटरला. मध्ये माइक नाही, अँप नाही. मग खोली कशी का असेना, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाला, कळते ती त्याच्यासमोर हलणारी तार. खोलीतल्या आवाजाशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. हे आजही खरंच आहे.

एका गाण्याचा बेस रेकॉर्ड करताना ओपन ए, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली ए तार, स्पीकरवर भलतीच घुमत होती. इक्यूत (हव्या त्या कंपनसंख्येचा आवाज कमी-जास्त करायचं साधन) ५५ हर्ट्झपाशी ६ डेसिबल कापले, झकास बसलं. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावले तर प्रत्येक ए गायब! ई ऐकू येतेय, डी ऐकू येतेय, मध्ये दात पडल्यासारखी फट.

संशय आधी तारांवर. नव्या चढवल्या. पिकअपची उंची बदलली, वायर बदलली. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. शेवटी वैतागून ट्रॅक लूपवर लावला आणि येरझाऱ्या घालू लागलो, तेव्हा लक्षात आलं. खोलीच्या मधोमध उभं राहिलं की ए जवळजवळ नाहीशी, आणि मागच्या भिंतीला टेकलं की नुसतं ढूमढूम. माझी खुर्ची नेमकी त्याच भिंतीला लागून.

टेप काढली. लांबी ३.१ मीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी पहिली लहर अडकते तिची लांबी खोलीच्या दुप्पट. ३४३ भागिले ६.२, म्हणजे ५५ हर्ट्झ आणि वर थोडंसं. बेसच्या ओपन ए तारेची कंपनसंख्या? ५५. बिचाऱ्या तारा उगाच बदलल्या.

इक्यू काढला की प्रश्न मिटला, असं वाटलं. मिटला नाही. इक्यूशिवायचा कच्चा ट्रॅकही हेडफोनवर ए पाशी मवाळच. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला, तर जवळजवळ प्रत्येक ए बाकीच्यांपेक्षा बारीक आणि आखूड. खोलीत ती घुमतेय म्हणून मी नकळत ती हळू छेडत होतो आणि लवकर दाबून टाकत होतो. खोली वायरमधून आलीच नव्हती; माझ्या कानांतून बोटांत उतरली होती. इक्यू परत काढता येतो, वाजवलेलं कसं काढणार? सगळा बेस पुन्हा वाजवला.

गिटारचं दुखणं वेगळं. तिची जाड ई तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे ५५च्या घुमण्याशी तिचा संबंध नाही. पण डिस्टॉर्शनचा, म्हणजे आवाज फाटका करणारा, प्लगइन कॉम्प्युटरवर लावून, मोठ्या आवाजात स्पीकरसमोर वाजवलं की स्पीकरचा आवाज तारांनाच हलवतो. सूर लांबतो, कधी फीडबॅक होतो, आणि ते सगळं 'डायरेक्ट' ट्रॅकमध्ये उतरतं. हेडफोन लावून तेच वाजवलं तर सूर लवकर विझतो. एका सोलोत मी हे मुद्दाम ठेवलंय, खरं सांगायचं तर. रिव्हर्बचा, म्हणजे वरून दिलेल्या कृत्रिम निनादाचा, गोंधळ मात्र अजिबात आवडला नाही: माझ्या उघड्या भिंतींचा निनाद मी गाण्यातलाच समजलो, रिव्हर्ब कमी दिला, आणि हेडफोनवर गिटार कोरडी ठणठणीत.

उपाय म्हणून आधी ५ सेंटीमीटरचा फोम चिकटवला. वरचा निनाद गेला, बेस जागच्या जागी. ५५ हर्ट्झची लहर सहा मीटरहून लांब. तिला तेवढा फोम म्हणजे किस झाड की पत्ती. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड ठोकळे ठेवले, थोडा फरक पडला. सगळ्यांत जास्त फायदा फुकटात झाला: खुर्ची मागच्या भिंतीपासून हलवून समोरच्या भिंतीपासून साधारण १.२ मीटरवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणली. ए अजून किंचित फुगते, म्हणून बेस वाजवताना हेडफोनच लावतो. आणि इक्यूला हात लावायच्या आधी एकदा उठून खोलीत चक्कर मारून येतो.